हायब्रिड गाडीचे मायलेज अॅक्सिलरेटरवर ठरते की ब्रेकवर?

टाकी फुल (इंदूर)

इंदूरच्या रस्त्यांवर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आता बऱ्याच दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ एक समजही पसरला आहे. गाडी जितकी संथ चालवावी आणि गाडी निव्वळ बॅटरीवर चालल्याची खूण म्हणून पडद्यावर येणारी 'ईव्ही' ही हिरवी अक्षरे जितका वेळ टिकवावीत, तितके अॅव्हरेज जास्त, असे लोक ठामपणे सांगतात. त्यामुळे पलासिया चौकात सिग्नल हिरवा झाल्यावरही काही मंडळी बैलगाडीच्या चालीने निघतात आणि मागच्यांचे हॉर्न ऐकून घेतात. माझे मत असे की हायब्रिडमधली बचत मुख्यतः ब्रेक लावण्याच्या पद्धतीतून होते. वेग घेताना केलेली अतिकंजुषी बहुधा वाया जाते, आणि कधी कधी अंगावरही येते.

२०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या 'ग्रँड व्हिटारा' आणि टोयोटाच्या 'हायरायडर' या जोडगोळीचे उदाहरण घेऊ. त्यांच्या हायब्रिड प्रकारात तीन सिलिंडरचे १.५ लिटर पेट्रोल इंजिन, विद्युत मोटर आणि अवघी ०.७६ युनिट क्षमतेची बॅटरी असते. ही बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज होत नाही. तिच्यात जी वीज येते ती शेवटी टाकीतल्या पेट्रोलचीच असते. त्यामुळे रेंगाळत, निव्वळ बॅटरीवर कापलेला किलोमीटर उधारीचा ठरतो. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होऊन ती भरते, आणि इंजिनाकडून जनरेटरकडे, तिथून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा मोटरकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. यापेक्षा मध्यम जोराने वेग घ्यावा, म्हणजे इंजिन त्याला मानवणाऱ्या भारावर काम करते, आणि हवा तो वेग आला की पाय हलका करावा. इंजिन आपोआप बंद होते आणि गाडी मोटरवर पुढे जात राहते.

आता ब्रेककडे येतो. माणसांसह दीड टन वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ०.०४ युनिट गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवून पुन्हा तोच वेग घ्यायचा म्हटले, तर उत्तम इंजिनालाही त्यासाठी साधारण १३ मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. ब्रेक लवकर आणि हलका दाबला की मोटर जनरेटरचे काम करू लागते आणि या ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत येतो. पुढच्या गाडीच्या बंपरपाशी पोहोचून ब्रेक करकचून दाबला, तर एवढ्या थोड्या वेळात एवढी वीज सामावून घेणे बॅटरीला जमत नाही, उरलेले काम ब्रेक पॅडवर येते आणि ते पेट्रोल चाकापाशी नुसतेच तापून जाते. गीता भवनकडून पलासियाकडे येताना लाल दिवा चांगला लांबून दिसतो. तिथेच अॅक्सिलरेटर सोडावा, पडद्यावरची सुई 'चार्ज'च्या पट्ट्यात उतरू द्यावी आणि ती पट्ट्याच्या टोकाला भिडणार नाही इतकाच ब्रेक दाबावा.

जाता जाता एक गोष्ट. सिग्नलवर गाडी 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकण्याची जुनी सवय इथे सोडावी. 'एन'मध्ये इंजिन बॅटरी भरू शकत नाही, आणि चालत्या गाडीत 'एन' टाकला तर ब्रेकमधून परत मिळणारी वीजही जाते.

हिशेबनीस

आपले भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण त्यातून रुपये किती निघतात हे आपण सांगितलेले नाही, म्हणून मी मांडतो. पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरू. शहरात हायब्रिडचे अॅव्हरेज चांगल्या सवयींमुळे २० वरून २३ झाले, तर १००० किलोमीटरला ५० लिटरऐवजी ४३.५ लिटर लागतील, म्हणजे सुमारे ७०० रुपये वाचतील. हीच शिस्त साध्या पेट्रोल गाडीत पाळून अॅव्हरेज १२ वरून १३.५ झाले, तर ८३.३ लिटरचे ७४.१ लिटर होतात आणि बचत जवळपास ९८० रुपयांची होते. पायाची शिस्त साध्या गाडीतच जास्त पैसे वाचवते! मग हायब्रिड घेणाऱ्यांनीच या शिस्तीचे एवढे कौतुक का करावे?

गाडी घेतानाचा हिशेब वेगळा. हायब्रिडसाठी दोन-सव्वादोन लाख जास्त मोजावे लागले असे धरू. शहरात १२ च्या जागी २२ चे अॅव्हरेज मिळाले तर १००० किलोमीटरला सुमारे ४००० रुपये वाचतात, म्हणजे सव्वादोन लाख वसूल व्हायला ५६ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची त्यात जवळजवळ सहा वर्षे जातात. २०२५ च्या सप्टेंबरपासून या आकाराच्या हायब्रिडवर आणि साध्या पेट्रोल गाडीवर सारखाच ४० टक्के जीएसटी आहे, तर विजेच्या गाडीवर ५ टक्के. सरकारदेखील हायब्रिडला निराळे काही समजत नाही, एवढे तरी लक्षात घ्यावे.

स्नेहलतागंजची

'टाकी फुल' दादा, आपण ज्या रस्त्याचे उदाहरण घेतले आहे तो रुंद आहे. आमच्याकडून राजवाड्याकडे निघालात, तर लांबून सिग्नल पाहणे वगैरे काही शक्य नसते. पुढे थोडे अंतर मोकळे ठेवले की डावीकडून ई-रिक्षा आणि उजवीकडून दोन स्कूटर त्यात शिरतात, आणि आपण हळुवार दाबायला घेतलेला ब्रेक शेवटी करकचूनच दाबावा लागतो. रस्ता ज्यांच्या हातात नाही त्यांना अशी शिस्त सांगून उपयोग काय?

शिवाय आम्हा गृहिणींचे फेरे दोन-दोन किलोमीटरचे असतात. मंडई, शिकवणी, बँक असे. सकाळी गाडी चालू केली की बॅटरी भरलेली असूनही इंजिन काही वेळ चालूच राहते, आणि ते बंद होईपर्यंत माझे ठिकाण आलेले असते. गाडी विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते. मला पडद्यावर जे आकडे दिसतात ते जाहिरातीतल्या लिटरला २७.९७ किलोमीटरच्या आसपासही फिरकत नाहीत.

राऊचा निवृत्त अभियंता

ताई, सुरुवातीला इंजिन चालू राहते ते धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापावा म्हणून. तो थंड असताना विषारी वायू नीट निवळत नाहीत. हे टाळता येत नाही, पण ते किती वेळा घडते हे कमी करता येते. मंडई, बँक आणि शिकवणी ही कामे वेगवेगळ्या वेळी करण्याऐवजी एका फेरीत ओवली, तर इंजिन तापवण्याचा खर्च एकदाच येतो. दोन किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत कोणतीही पेट्रोल गाडी चांगले अॅव्हरेज देत नाही, मग ती हायब्रिड असो वा नसो.

राहिला प्रश्न २७.९७ चा. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे अनेकांना वाटते की मायलेजचे आकडे अशा मार्गावर गाडी पळवून काढतात. प्रत्यक्षात तो आकडा प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून काढला जातो. ठरावीक आराखड्यानुसार सुमारे वीस मिनिटे वेग कमी-जास्त केला जातो, सर्वाधिक वेग ताशी ९० असतो, एसी बंद असतो आणि समोर ई-रिक्षा नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे. आपल्या घरच्या खर्चाचे अंदाजपत्रक त्यावर बांधू नये.

मूळ धाग्यातील मांडणीला माझी एक पुरवणी आहे, आणि ती घाटाबद्दल आहे. ओंकारेश्वरला जाताना सिमरोळच्या पुढे भेरूघाट उतरताना पुष्कळांना वाटते की आता बॅटरी भरतच राहणार. हिशेब करून पाहा. दीड टन वजन १०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ०.४१ युनिट ऊर्जा सुटते. बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ युनिट, आणि तिचे आयुष्य जपण्यासाठी गाडीचा संगणक तिला पूर्ण रिकामीही होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. आपण तर माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात तीनशे मीटरहून अधिक उतरतो. अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि नंतर मोटरच्या ब्रेकचा आधार कमी होतो. तिथे ज्या गाडीत 'बी' गिअर आहे तो टाकावा, म्हणजे इंजिन पेट्रोल न जाळता नुसते फिरून गाडीला अडवते आणि ब्रेक तापत नाहीत. हा सल्ला मी बचतीसाठी देत नाही, जिवासाठी देतो.

सीएनजीवाला (वडोदरा)

आमच्याकडे बडोद्यात हा वादच निघत नाही, कारण सीएनजीचे पंप सहज सापडतात आणि रुपयाला जास्त किलोमीटर मिळतात. डिकी थोडी जाते, पण मनस्ताप जातो तो त्याहून मोठा. पडद्यावरची सुई बघत गाडी कोण चालवणार?

टाकी फुल

काकांच्या घाटाच्या मुद्द्यावर माझे काही म्हणणे नाही. तो सर्वांनी लक्षात ठेवावा. बडोदेकरांना एवढेच सांगतो की शहरातल्या शहरात सीएनजीला तोड नाही, हे मान्य. पण चौघांचे सामान घेऊन लांबच्या गावी जाताना डिकीतल्या टाकीची अडचण 'थोडी' राहत नाही.

हिशेबनीस साहेबांच्या आकडेमोडीला उत्तर देणे आवश्यक आहे. गाडी घ्यावी की नाही, हा माझा विषयच नव्हता. ज्यांनी घेतली आहे त्यांनी ती कशी चालवावी, हा होता. साध्या गाडीत शिस्तीने जास्त लिटर वाचतात हे खरे, कारण ती मुळातच जास्त पिते. मात्र दोन्हीकडची शिस्त एकसारखी नाही. साध्या गाडीत ब्रेक कसाही दाबलात तरी ऊर्जा जायचीच आहे, म्हणून तिथे सारा भर ब्रेक टाळण्यावर असतो. हायब्रिडमध्ये ब्रेक लागणारच असेल तर तो कसा लागतो यालाही किंमत येते, आणि राजवाड्याच्या गर्दीत स्नेहलतागंजच्या ताईंसारख्यांना हाच भाग उपयोगी आहे. तिथे वेग ताशी वीसचा असतो. एवढ्या वेगाला ऊर्जा पन्नासच्या तुलनेत सहाव्या हिश्श्याहूनही कमी असते, त्यामुळे जरा घाईने दाबलेला ब्रेकही बॅटरीला झेपतो. ई-रिक्षा शिरली म्हणून सगळे बिघडत नाही. बिघडते ते रिंग रोडवर साठच्या वेगाने जाऊन सिग्नलवर नाक घासल्याने.

महामार्गावर मात्र हायब्रिडचा फायदा आटतो, हे तिच्या चाहत्यांनी कबूल करायला हवे. भोपाळच्या रस्त्याला ब्रेकच कमी लागतो, मग परत मिळवायचे काय? तिथे हवेचा विरोध हा मुख्य शत्रू असतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेलात तर विरोध दीडपटीहून अधिक होतो. होंडाने २०२२ मध्ये आणलेल्या सिटी हायब्रिडमध्ये म्हणूनच एकसारख्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाके फिरवते. टोयोटाच्या १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेल्या रचनेत ग्रहमालेसारखे दातेरी चक्र इंजिन आणि मोटरची शक्ती वाटून देते. रचना कोणतीही असो, लांबच्या सरळ रस्त्यावर उजवा पायच हिशेब ठरवतो.

स्नेहलतागंजची

हे उत्तर पटण्यासारखे आहे. पण उन्हाळ्याचे काय? मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना सिग्नलवर इंजिन बंद आणि एसी चालू असतो. मग मिनिटाभरात इंजिन घुरघुरायला लागते.

राऊचा निवृत्त अभियंता

त्या एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. बॅटरी उतरली की ती भरायला इंजिनाला उठावेच लागते. सावलीत गाडी लावणे आणि निघताना काचा उघडून कोंडलेली गरम हवा आधी बाहेर घालवणे, एवढे आपल्या हातात आहे. आणखी एक पाहून घ्या. अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ किंवा डिकीत एक जाळी असते, तिच्यातून बॅटरीला थंड हवा मिळते. आपल्याकडे त्या जाळीला टेकवून भाजीची पिशवी, उशी, छत्री असे काहीही ठेवलेले असते आणि तिच्या फिल्टरवर धुळीचा थर बसलेला असतो. बॅटरी तापली की संगणक तिचा वापर आखडता घेतो, आणि तो भार पेट्रोलवर पडतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की तो फिल्टर साफ केला का, हे विचारून घ्यावे.

हिशेबनीस

चर्चेतून मला जे हवे होते ते मिळाले. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत गिअर न काढता अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा पेट्रोलपुरवठा थांबतो, म्हणजे लांबून लाल दिवा पाहून पाय उचलण्याचा सल्ला मलाही लागू आहे आणि तो मी आनंदाने घेतो. सव्वादोन लाख मात्र मी घरीच ठेवतो. ज्यांच्याकडे हायब्रिड आहे त्यांना एकच विनंती: येथे आकडे देताना पडद्यावरचे देऊ नयेत, ते बहुधा थोडे फुगीर असतात. एकाच पंपावर टाकी फुल करून, पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर बसले आणि मध्ये किती किलोमीटर झाले, तो भागाकार करून मगच लिहावे.