कोरडा फडका आणि खान्देशची धूळ: "रोज पुसा" म्हणणाऱ्यांना उत्तर

तापीकाठ:
गेल्या आठवड्यापासून एक सल्ला सगळीकडे फिरतोय. "खान्देशात पाण्याची मारामार, गाडी धुवायची गरजच नाही. रोज सकाळी कोरडा सुती फडका मारा, आठवड्याला रॉकेलचा हात फिरवा, महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरला न्या. दहा वर्षं गाडी नवीच्या नवी." वाचून खरंच राग आला, कारण लोक हेच करतात आणि दोन वर्षांत काळ्या गाडीच्या बोनटवर उन्हात बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसायला लागतं.

रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसापेक्षाही पातळ. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. कपाशीच्या रानातली काळी माती, खडी क्रशरची बेसाल्टची भुकटी, नदीच्या वाळूची कच, आणि भुसावळ-वरणगावकडे असाल तर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख. बेसाल्टातली खनिजं कडकपणात सहाच्या आसपास, गारगोटी सात. क्लिअर कोट त्यांच्यापुढे मऊच. कोरडा फडका फिरवला की हे कण फडक्याखाली अडकतात आणि पूर्ण बोनटभर ओढले जातात. मग रबिंग-पॉलिश करून ओरखडे काढा. दर वेळी दोन-चार मायक्रॉन गेले, आणि गेलेला क्लिअर कोट परत येत नाही.

बरोबर पद्धत अशी. गाडी सावलीत, बोनट गार. हाताचा पंजा पाच सेकंद टेकवता येत नसेल तर पाणी लावू नका. आधी नुसतं पाणी, खालून वर, चाकांच्या कमानीपासून. काळी माती चिकण असते, पाणी पिऊन फुगते. ती भिजायला दोन-तीन मिनिटं द्या, नाहीतर लगदा होऊन पसरते. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही. छत, काचा, बोनट, दरवाज्यांचा वरचा अर्धा, आणि खालचा अर्धा शेवटी. चाकांना वेगळा कपडा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, मेणाचा थर एका धुण्यात जातो. पुसायला जाड मायक्रोफायबर, ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) वरचा. टेकवून पाणी शोषू द्या, घासू नका.

नकाणे_रोड:
तापीकाठ भाऊ, तुम्ही जे सांगी राहिले ते पुस्तकात शोभतं. धुळ्यात उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यानं येतं, टँकरची वाट बघत बायाबापड्या उभ्या राहतात, आणि तुम्ही दोन बादल्यांचं प्रवचन देता. घराबाहेर नळी धरून गाडी धुणारा माणूस मला तरी बघवत नाही. अर्धा इंची नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर टाकते. वीस मिनिटं धरली की दोनशे लिटरच्या वर गेलं. लांब वातींचा मेण लावलेला डस्टर येतो, तो जोर न देता हलक्या हातानं फिरवला तर धूळ उचलली जाते. रोज काढलेली धूळ साचत नाही, साचली नाही तर घासावी लागत नाही. यात चूक काय?

तापीकाठ:
मी नळीचं नावच काढलेलं नाही. दोन बादल्या आणि आधीचा फवारा मिळून ३०-३५ लिटर होतात.

डस्टर वेगळा आणि सुती फडका वेगळा. रात्रभर बसलेली हलकी, कोरडी धूळ डस्टरनं निघते, तेवढं मान्य. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. धूळ ओली होते आणि ऊन लागलं की चिकटून बसते. तिच्यावर डस्टर नाही, काहीच कोरडं नाही. दुसरं, डस्टर दर पाच-सहा वेळा झटकून, अधूनमधून धुऊन वापरावा लागतो, नाहीतर तोच पॉलिश पेपर होतो. डस्टर झटकणारे लोक किती? फार थोडे.

गॅरेजवाला_जळगाव:
फडक्यावरून भांडताय, पण खरं नुकसान त्या सल्ल्याच्या तिसऱ्या भागात आहे, वॉशिंग सेंटरच्या. धुऊन झालं की अंडरबॉडीला डिझेल नाहीतर जळकं ऑइल फवारतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. डिझेलनं सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात, मऊ पडतात. एक्सलच्या बेलोला, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी टोपणाला, चिरा जातात, ग्रीस बाहेर येतं आणि जॉइंट वाजायला लागतो. ब्रेक पॅडवर उडालं तर ब्रेक धरत नाही. आणि ऑइलवर धूळ अशी बसते की पुढच्या पावसात खाली मातीचं प्लास्टर तयार. अलॉय व्हीलला टॉयलेटचं ॲसिड मारतात, तेही तितकंच वाईट. अलॉय काळवंडतो, डिस्कवर गंज धरतो. प्रेशर गन रेडिएटरला जवळून लावली तर पट्ट्या आडव्या होतात आणि हवा जाणं बंद. निदान दीड-दोन फुटांवरून, सरळ समोरून मारायला लावा.

नकाणे_रोड:
ऑइल मारल्यानं गंज थांबतो हे तरी खरं ना? उगाच का मारतात सगळीकडे?

गॅरेजवाला_जळगाव:
कोकणात खारी हवा आहे, तिथं निदान विचार करता येईल, तोही रबर वाचवून, गंजरोधक कोटिंगचा. इथं मे महिन्यात हवा कोरडी ठाक. इथला गंज खालून नाही, आतून येतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती चिकण मातीनं बुजतात. पाणी आत साचतं आणि दरवाजा कडेनं फुगायला लागतो. पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या काडीनं भोकं मोकळी करा. तसंच वायपरखालची जाळी. कडुलिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर महिन्याला पाला काढायचा, नाहीतर पाणी ब्लोअरमार्गे पायाखाली उतरतं.

बोअरचं_पाणी:
पाण्याचं प्रमाण सगळे सांगतात, पाण्याची जात कोणी सांगत नाही. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. म्हणजे पिण्याला चाललेलं पाणीही काळ्या गाडीला ठिपके देणार. जड पाण्यात दोन बादल्या वापरण्यापेक्षा न धुतलेलं बरं.

नकाणे_रोड:
हेच तर म्हणतोय. आता यांचंच माणूस बोललं.

तापीकाठ:
मी कोणाचा माणूस नाही आणि तेही माझे नाहीत. ठिपके पाण्यानं पडत नाहीत, वाळलेल्या पाण्यानं पडतात. एकेक भाग धुवा आणि लगेच पुसा, पूर्ण गाडीला पाणी मारून बसू नका. शेवटचा हात कमी क्षाराच्या पाण्याचा. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो. दीड-दोन लिटर स्प्रेच्या बाटलीतून मारलं की पुरतं.

सावदा_केळी:
घरोघरी आरओ बसलेत. त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यानं धुवा की. पाणीही वाचतं.

बोअरचं_पाणी:
नाही ताई, अगदी उलटं. आरओचं बाहेर पडणारं पाणी म्हणजे क्षार साचवलेलं पाणी. आत येणारं ८०० टीडीएसचं (विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅम) असेल आणि चौथा हिस्सा गाळून निघत असेल, तर बाहेर जाणारं हजाराच्या वर जातं. ते चाकांना, पायपुसण्यांना, चाकांच्या कमानीतला चिखल भिजवायला वापरा. रंगावर आणि काचेवर नको. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी त्याहून वाईट. आठ दिवस वाफ होऊन गेली, क्षार तिथंच राहिला.

सावदा_केळी:
मग एसीचं पाणी? ते तर वाफेचं असतं.

बोअरचं_पाणी:
ते उत्तम, जवळजवळ क्षार नसतातच. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत ओलच नसते, एसीतून थेंब थेंब येतं. पावसाळ्यात बादली भरते, तेव्हा गरज नाही. म्हणून पावसाळ्यातच कॅन भरून झाकून ठेवा. गच्चीचं पाणीही चालतं. हजार चौरस फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९०० लिटर. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, सगळी धूळ त्यात असते.

नकाणे_रोड:
सॉफ्टनर बसवला तरी मीटरवर टीडीएस तोच येतो. म्हणजे सॉफ्टनर विकणारे फसवतात.

बोअरचं_पाणी:
दादा, माहिती नसताना कोणाला फसवणारा म्हणू नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. एकूण क्षार तेवढाच, म्हणून मीटरचा आकडा हलत नाही. पण सोडियमचा डाग ओल्या कापडानं निघतो, कॅल्शियमचा दगड होऊन बसतो. टीडीएस आणि जडपणा यांतला फरक न कळल्यामुळे निम्मे वाद होतात.

नकाणे_रोड:
बरं, हे मला ठाऊक नव्हतं. पण पाणी जपून वापरा हे माझं म्हणणं तसंच उभं आहे, आणि त्यावर कोणी सरळ बोलायला तयार नाही.

गॅरेजवाला_जळगाव:
सरळ बोलतो. रिन्सलेस वॉश करा, म्हणजे नंतर पाण्यानं खळबळावं न लागणारी धुलाई. १० लिटर पाणी, बाटलीवर लिहिलेल्या मापाचं द्रावण, आणि आठ मायक्रोफायबर फडके. प्रत्येक फडक्याची चौपदरी घडी घातली की आठ बाजू मिळतात. आधी द्रावण फवारून दोन मिनिटं थांबा, मग एका बाजूनं एकच सरळ हात, आणि बाजू बदला. घाण बाजू परत रंगाला लावायची नाही. फवारायला १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप झकास, पण नवाच घ्या. औषधांत सॉल्व्हंट असतात, शेतात वापरलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला लावू नका. खाली चिखल थापलेला असेल तर मात्र रिन्सलेस चालत नाही, तिथं आधी पाणी लागणारच.

नकाणे_रोड:
दहा लिटर. हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मान्य. पण फक्त चिखल नसताना.

सावदा_केळी:
रॉकेलचं कोणीच बोललं नाही. इकडे केळीचा चीक लागला की सगळे रॉकेलच चोळतात.

तापीकाठ:
रॉकेलनं चमक येते ती तेलकट थराची. मेण निघून जातं आणि त्या थरावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ. दरवाज्याचं रबरही सुजतं. चिकाला वेळ हाच शत्रू. हवा लागली की तो तपकिरी-काळा पडतो. ताजा असेल तर शाम्पूच्या पाण्यानं लगेच काढा. जुना असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान, फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट टेकवून ठेवा. दोनदा केल्यावरही राहिला तर क्ले बार (रंगावरची चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी), भरपूर ओलावा ठेवून. सीटच्या कापडावर वाळला तर तो निघत नाही, तेव्हा घड वाहायचे असतील तर आधी ताडपत्री टाका.

पथारी_नंदुरबार:
सगळे बाहेरून गाडी चमकवताहेत, आत काय जातंय? हिवाळ्यात आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, तिखट ब्लोअरमधून सरळ डोळ्यात. जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू एसीच्या कंडेन्सरवर गोधडीसारखे बसतात, मग एसी गार करत नाही आणि लोक गॅस भरत बसतात. आधी मऊ ब्रशनं उभ्या रेषेत तंतू काढा. केबिन फिल्टर कंपनी १०-१५ हजार किलोमीटरला बदलायला सांगते, इथं पाच हजाराला काढून झटका आणि काळा पडला की बदला. इंजिनाचा एअर फिल्टर आतून बाहेर, कमी दाबानं फुंकायचा. बाहेरून फुंकला तर धूळ कागदात आणखी रुतते. मिरचीच्या गल्लीतून जाताना आतली हवा आत फिरवायचं बटण आधीच दाबा.

नकाणे_रोड:
काचेवरचे जुने पांढरे ठिपके मात्र कशानं जात नाहीत. रात्री समोरून ट्रक आला की काहीच दिसत नाही.

बोअरचं_पाणी:
पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. गार काचेवर ओला फडका एक-दोन मिनिटं टेकवा, मग भरपूर पाणी. व्हिनेगर अलॉय आणि क्रोमवर ओघळू देऊ नका. तरी राहिले तर सेरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायची) पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडनं, पॅड ओलं ठेवून, एका जागी न थांबता. आणि वायपरच्या बाटलीत बोअरचं पाणी भरणं आजपासून बंद करा. तेच पाणी नोझलमध्ये क्षार धरतं, फवारा बंद पडतो, आणि वायपर कोरड्या धुळीवर चालतो. काचेवर अर्धगोल ओरखडा पडतो तो तिथूनच, आणि तो सेरियमनंही निघत नाही.