लॉन्सच्या डीजेची तक्रार नेमकी कुठे करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर नदीच्या बाजूला राहतो. लग्नसराईत शेजारच्या लॉन्सवर डीजे असा दणाणतो की खिडकीच्या काचा थरथरतात, आईचं बीपी चढतं. समोरच्या चिंचेवर बगळे वस्तीला असतात. बेस सुरू झाला की अख्खा थवा अंधारात उठून घिरट्या घालतो.

2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची. सांगायला गेलं की तेवढ्यापुरता आवाज उतरतो, मग पुन्हा तेच. (लग्नाला विरोध नाही हो, आम्हीही वरातीत नाचलोय.)

लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे? मोबाईल ॲपवरची डेसिबलची नोंद पुरावा म्हणून चालते का? बगळ्यांसाठी वनविभाग दखल घेईल? कुणी हे केलं असेल तर अर्जाचा नमुना द्या, प्लीज.