डिफरन्शिअल घुमतंय म्हणून अख्खं युनिट बदलायचं?

शिमवाला
काल कुणीतरी ठोकून दिलं होतं: "जुन्या गाडीचं डिफरन्शिअल घुमायला लागलं की उघडायच्या भानगडीत पडू नका. दुसरं अख्खं युनिट चढवा, एका दिवसाचं काम." खाली अंगठ्यांची ही रांग! तिथे उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा.

डिफरन्शिअल म्हणजे मागच्या ॲक्सलमधला, इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा गिअरसंच. त्यातला शाफ्टकडून फिरणारा छोटा गिअर तो पिनियन, आणि तो ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन. अहो, आधी आवाज कधी येतो ते तरी बघा. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी ओढत ठेवा, मग ॲक्सिलरेटर सोडा, मग न्यूट्रल करा. ओढताना घुमतं आणि पाय काढला की गप्प होतं, तर दात्यांची बैठक बिघडलीय किंवा पिनियनच्या डोक्याकडचं बेअरिंग गेलंय, कारण ओढताना रेटा त्याच्यावर येतो. पाय काढल्यावर ओरडत असेल तर फ्लँजकडचं, म्हणजे शाफ्ट जोडला जातो त्या तबकडीजवळचं, बेअरिंग बघा. तिथे बऱ्याचदा पिनियनचा नट सैल होऊन प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब, उडालेला असतो. पायाने काहीच फरक पडत नाही, नुसता वेगाबरोबर आवाज चढतो, तर बेअरिंगच. एका बाजूच्या वळणावर घरघर वाढली तर चाकाचं बेअरिंग. घट्ट वळणावरच खडखड येत असेल तर स्टार पिनियन, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले छोटे गिअर. रस्ता बदलला की सूर बदलतो? मग तो टायर आहे, डिफला शिव्या देऊ नका. आणि क्लच सोडताना येणारा 'टक्' हा युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस तरी असतो, नाहीतर आतले थ्रस्ट वायसर, त्या छोट्या गिअरांमागच्या चकत्या.

यातल्या कितीतरी गोष्टींसाठी युनिट काढावंच लागत नाही.

जुनं_ते_जुनं
ते वाक्य माझंच. आवाजाची पोथी छान वाचलीत, आता उघडल्यानंतरचा अध्याय वाचा. पिनियनच्या खोलीचे शिम (जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या), बाजूच्या बेअरिंगचे शिम, डायल गेज, इंच-पाउंडांत वाचणारा टॉर्क पाना, प्रेस. सॅल्सबरी पद्धतीचं, म्हणजे मागून कव्हर उघडणारं, हाउसिंग असेल तर ते फाकवणारा स्प्रेडर, आणि तोही मर्यादेच्या पुढे ताणला की हाउसिंग कायमचं वाकतं. बेअरिंगच्या कॅपवर पंचने खुणा न करता त्या काढल्या, डावी उजवीकडे गेली, की संपलं. हे सगळं असलेले हात किती? अर्धवट हातांनी उघडलेलं डिफ न उघडलेल्यापेक्षा जास्त बोंबलतं.

शिमवाला
आणि तुमचं ते 'दुसरं युनिट' शांत आहे हे कुणी सांगितलं? जमिनीवर पडलेलं डिफ हाताने फिरवून घुमत नाही, ते भार आल्यावर घुमतं. निदान कव्हर काढून दाते बघा, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी हालचाल) मोजा, फ्लँज वर-खाली हलवून बघा. आणि दाते मोजा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा क्राउन-पिनियनचा जोड ११ आणि ४३ दात्यांचा, म्हणजे ३.९०९. वेगळ्या गुणोत्तराचं युनिट चढवलंत की स्पीडोमीटर खोटं बोलणार.

डायलगेज
दोघंही भांडा, पण बिघाड सुरू कुठे होतो ते बोला की. पिनियनच्या टोकाचं ऑइल सील गळतं, गाडी उचलतात, नट सोडतात, नवीन सील ठोकतात आणि नट 'चांगला घट्ट' आवळतात. झालं. दोन बेअरिंगच्या मध्ये चेपणारी नळी असते. ती एकदा जास्त चेपली की प्रीलोड वाढतो, बेअरिंग तापतं आणि थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. मग तोच माणूस म्हणतो, "डिफ गेलं". नट मागे फिरवून नळी परत लांब होत नाही. ती नवीनच टाकावी लागते, आणि त्यासाठी पिनियन बाहेर.

सील बदलायचं तर हे असं. चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकचा अडथळा मध्ये येणार नाही. नट सोडायच्या आधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते इंच-पाउंडांत लिहून ठेवा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज, तिन्हींवर एका रेषेत पंच मारा, उघडे आटे मोजा. परत बसवताना खूण जुळेपर्यंत, फार तर केसभर पुढे. मग पुन्हा मोजा. मघाच्याइतकाच किंवा एखादा आकडा जास्त जोर लागला की थांबा. नवीन बेअरिंगला साधारण १५ ते २५ इंच-पाउंड लागतात, वापरलेल्यांना त्याच्या निम्मे. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. काही जुन्या ॲक्सलमध्ये नळी चेपणारी नसते, ठोकळा आणि शिम असतात. तिथे नियम वेगळा.

नव्वद_नंबर
एवढं बोललात, ऑइलचा 'ऑ' नाही! हल्ली सगळे डोळे झाकून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओततात. त्यातलं गंधक तांबं-पितळ खातं. थ्रस्ट वायसर कशाचे असतात? त्याखालच्या दर्जाचं जीएल-४ टाका, आवाज असेल तर १४० नंबरचं दाट ऑइल, वायसर वाचतील.

डायलगेज
हायपॉइड प्रकारच्या क्राउन-पिनियनमध्ये जीएल-४? तिथे पिनियन मध्यरेषेच्या खाली असतो, दाते नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. जीएल-४ मध्ये दाब सोसणारी रसायनं जवळपास निम्मी. दाते खरवडून निघतील.

नव्वद_नंबर
मग वायसर का झिजतात, सांगा ना.

शिमवाला
एक चाक चिखलात फिरवत बसल्याने आणि ऑइल कमी असल्याने. जीएल-५ च्या मानकातच तांब्याच्या पट्टीची चाचणी आहे, १२१ अंशांवर तीन तास. तुमचं डिफ रोज १२१ ला शिजतं का? पितळाची काळजी गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगांसाठी ठेवा. प्युजो ४०४ सारखा वर्म ड्राइव्हचा (स्क्रूसारख्या गिअरचा) ॲक्सल असेल, तर ब्राँझच्या चाकासाठी ऑइल वेगळंच लागतं. ते सोडून उगाच भीती घालू नका.

नव्वद_नंबर
भीती नाही घालत, अनुभवी लोक १४० टाकतात ते मूर्ख आहेत का?

जुनं_ते_जुनं
मूर्ख नाहीत, गाडी विकायला काढलेली असते त्यांची. १४० ने सूर दबतो, बेअरिंग बरं होत नाही. तुमची आधीची पिढी लाकडाचा भुसा टाकायची.

नव्वद_नंबर
भुसा मी म्हणालो? वाक्य दाखवा!

डायलगेज
ऑइल सोडायचंच असेल तर प्लगच्या चुंबकावर काय आहे ते बघा. करडा मऊ लगदा असेल तर ठीक, तेवढी झीज चालते. बोटाला टोचणाऱ्या सुया किंवा चकचकीत पापुद्रे निघाले तर गाडी तिथेच थांबवा, कुठल्याही नंबरचं ऑइल त्याला औषध नाही.

जुनं_ते_जुनं
आता मुद्द्यावर. पापुद्रे म्हणजे दाते गेले, नवीन क्राउन-पिनियन आलं. मग माझंच खरं ना?

शिमवाला
दाते गेले असतील तर, हो, नाइलाजाने मान्य. पण दाते शाबूत आणि फक्त बेअरिंग गेलेलं असेल तर तोच जोड वाचवा. अट एकच, एकमेकांत मुरलेले दाते परत त्याच जागी भिडले पाहिजेत. पिनियनखालचा शिम तोच ठेवा. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा जाड-बारीक निघालं तर तेवढाच फरक शिममध्ये काढा. इथे लोक चुकतात, झिजलेल्या जोडावर पुस्तकातला आदर्श ठसा, म्हणजे दाते भिडतात तिथली लेपावरची खूण, शोधत बसतात. तो मिळतो, आणि गाडी आधीपेक्षा जोरात घुमते.

नवीन जोड असेल तर मात्र ठसा घ्याच. पाच-सहा दात्यांना पिवळा लेप लावा, क्राउनला लाकडाने अडवून भार द्या, दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दात्याच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत, टोकाशी चढला तर फार बाहेर. बॅकलॅश ०.१० ते ०.२० मिमी, एका जागी नाही, चार जागी मोजा. कॅरियर (क्राउन धरणारा भाग) ०.१० सरकला की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो, शिमचा हिशोब त्यावरून. आणि क्राउन-पिनियनवरचे नंबर जुळतात का बघा. ते जोडीने घासून तयार केलेले असतात.

डायलगेज
आणि 'टक्' वाल्यांनी तर यातलं काहीच करू नये. १९६७ नंतरच्या एमजीबी रोडस्टरला मागून कव्हर उघडतं. अर्धे शाफ्ट ओढा, पिन काढा, स्टार पिनियन फिरवून बाहेर घ्या, वायसर बदला. क्राउनला हातही लागत नाही. त्याआधीच्या, मागून न उघडणाऱ्या बँजो ॲक्सलला पुढून पूर्ण संच उतरवावा लागतो.

जुनं_ते_जुनं
बरं. माझं वाक्य असं करतो: नट सोडायच्या आधी जोर मोजणार नसाल, शिम जपून ठेवणार नसाल, तर उघडू नका, युनिटच बदला.

शिमवाला
याला मीही अंगठा देईन. आता हे तुमच्या मूळ पोस्टमध्येही दुरुस्त करा.

जुनं_ते_जुनं
तिथे कशाला? तिथे अंगठे आधीच पडलेत.