मदत हवी आहे: एकाचं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), दुसऱ्याचं ऐरोलीत, मुलगी पहिलीत. घर मुलुंड पूर्वेला, की ठाण्यात नौपाड्याला किंवा घोडबंदरला?

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून मुंबईकडे येतोय. नवऱ्याची बदली बीकेसीला झाली आहे आणि मला नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नोकरी मिळाली आहे. मला आठवड्यातले चार दिवस ऑफिसला जावं लागेल, वेळ दहा ते सात. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. घरातलं सगळं करतात, पण जिने चढणं आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही. दोन बेडरूमचं घर भाड्याने हवंय, 45 हजारांपर्यंत.

नवऱ्याचं मन घोडबंदर रोडवर बसलंय. त्याच पैशात मोठं घर, बाग, पोहण्याचा तलाव, खाली खेळायला पंधरा-वीस मुलं. मला त्याचं म्हणणं पटतं, कारण पुण्यात आमच्या इमारतीत मुलीच्या वयाचं कुणीच नाही आणि ती खिडकीत बसून असते. पण ती घरं आम्ही रविवारी दुपारी पाहिली होती. म्हणून गेल्या मंगळवारी मी मुद्दाम एकटी आले आणि संध्याकाळी सहाला ठाणे स्टेशनहून बसने कासारवडवलीला गेले. एक तास दहा मिनिटं लागली. एजंट म्हणतो, मेट्रो 4 पूर्ण झाली की हा प्रश्नच राहणार नाही. खरं असेल, पण मुलगी यंदाच पहिलीत जातेय.

डोंबिवलीचाही विचार केला होता, कारण तिथे माझी मावशी आहे आणि सासूबाईंना सोबत झाली असती. पण 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली, तेव्हापासून सासूबाई त्या गर्दीतल्या प्रवासाचं नावही काढू देत नाहीत. मीही आग्रह धरला नाही.

माझा कल मुलुंड पूर्व किंवा ठाण्यात नौपाडा असा आहे. माझी अट एकच: शाळेतून फोन आला तर आम्हा दोघांपैकी एकजण तासाभरात तिथे पोहोचला पाहिजे, आणि रोजची शाळा सासूबाईंना चालत गाठता आली पाहिजे. ऐरोलीतच राहिलो तर मला सोपं पडेल, पण नवऱ्याला रोज ठाण्याला गाडी बदलून कुर्ला आणि तिथून पुढे बीकेसी. तो आठ दिवसांत कंटाळेल असं वाटतं.

माध्यमाबद्दल आमचं अजून ठरलेलं नाही. मला सेमी इंग्रजी चालेल, नवऱ्याला सीबीएसई हवं आहे. प्रवेश बऱ्याच ठिकाणी जानेवारीतच उरकतात असं कळलं, त्यामुळे पोटात गोळा आलाय. नौपाड्यात किंवा मुलुंड पूर्वेला मुलं शाळेत घालणाऱ्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगावा. दुसरं म्हणजे, संध्याकाळी बीकेसीहून कुर्ला स्टेशन गाठायला खरोखर किती वेळ लागतो?

प्रतिसाद

मी नौपाड्यात चौदा वर्षं राहतो. घोडबंदरला गाड्यांची गर्दी फक्त तिथल्या रहिवाशांची नसते. जेएनपीटी बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनरही त्याच रस्त्याने जातात, आणि गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की सगळं अडकतं. घर कितीही छान असलं तरी तो रस्ता तुमच्या हातात नाही.

नौपाड्यातून तुम्हाला ऐरोली म्हणजे ट्रान्स हार्बर लोकलने दिघा गाव, की पुढचं स्टेशन. दहा मिनिटं. यजमानांना ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाडीत बसायला मिळू शकतं. शाळांमध्ये मराठीसाठी सरस्वती मंदिर आणि डॉ. बेडेकर विद्यामंदिर, इंग्रजीसाठी सौ. ए. के. जोशी. तिन्ही जुन्या आणि वस्तीतल्या, आजी चालत जातील अशा.

दोन गोष्टी मात्र बघा. इथल्या बऱ्याच इमारती जुन्या, तीन-चार मजली आणि बिनलिफ्टच्या आहेत. आणि अकरा महिन्यांचा करार करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून पुनर्विकासाचा ठराव झालाय का ते विचारा. मालक सांगत नाहीत. आमच्या शेजारच्या भाडेकरूंना ऐन परीक्षेत घर सोडावं लागलं.

प्रतिसाद

ताई, मुलुंड पूर्वेहून ऐरोली पुलापलीकडेच आहे. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरचा टोल छोट्या गाड्यांना माफ झालाय, त्यात ऐरोलीचा नाकाही आला, त्यामुळे ऑफिसातल्या कुणाबरोबर गाडीतून जायचं ठरवलं तर स्वस्तात होतं. रस्ते सपाट, भाजी, दवाखाना, देऊळ हाताशी. तुमच्या सासूबाईंना हेच आवडेल.

बीकेसी ते कुर्ला अंतर थोडं आहे, पण संध्याकाळी सहा ते आठ शेअर रिक्षाच्या रांगेसकट पाऊण तास धराच. कुर्ल्याला कर्जत-कसारा फास्टमध्ये चढू नका, ठाण्याला उतरणं मुश्किल होतं. ठाणे स्लो बरी.

शाळेबद्दल मी एकच सांगेन, कारण मी स्वतः त्यात फसले. आधी विचारा की प्राथमिक विभाग कोणत्या अधिवेशनात, म्हणजे सकाळच्या की दुपारच्या पाळीत, भरतो. जागा कमी असल्यामुळे अनेक शाळा दोन पाळ्यांत चालतात. माझ्या मुलाची शाळा साडेबाराला भरायची आणि साडेपाचला सुटायची. सकाळ मोकळी, पण मी कामावर. दुपारी त्याला डबा भरवून, गणवेश घालून सोडायला कुणी नाही. शेवटी पाळणाघराच्या बाईच सोडायच्या. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, तेव्हापासून वेळा बदलल्या आहेत, म्हणून वेबसाइटवरची जुनी वेळ धरू नका. शाळेच्या फाटकाशी उभं राहून आयांना विचारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अधिवेशनाचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे सकाळी सासूबाई असतील, त्यामुळे उलट दुपारची शाळा आम्हाला सोयीची पडेल, मात्र साडेपाचला जून-जुलैच्या पावसात त्यांना छत्री धरून रस्ता ओलांडायला लागू नये.

नवऱ्याला पुनर्विकासाचा आणि कंटेनरचा भाग वाचून दाखवला. तो गप्प बसला, मग म्हणाला, पोहण्याचा तलाव महापालिकेचाही चालेल. बुधवारी सासूबाईंना घेऊनच येतोय. पाच वाजता नौपाड्यात आणि गुरुवारी त्याच वेळी मुलुंड पूर्वेला, म्हणजे त्या स्वतः चालून बघतील.

आता एवढंच विचारायचंय: मुलुंड पूर्वेच्या नवघर रोडच्या आसपास, लिफ्ट असलेली आणि शाळेपर्यंत मोठा रस्ता ओलांडावा न लागणारी इमारत कुणाच्या माहितीत आहे का? आणि तिथल्या कुठल्या शाळेत पहिलीचे प्रवेश अजून चालू आहेत?