जुन्या टी-शर्टावरून नवा कसा शिवावा?

शिवणवेडी:
माझ्या जुन्या सुती टी-शर्टाचा गळा विरला असून काखेत भोके पडली आहेत, परंतु खांद्यावर इतका नेमका बसणारा दुसरा मिळत नाही. तो न उसवता त्याचे माप कागदावर उतरवता येईल का?

सुईदोरा:
येईल, मात्र बाहीचा गोलवा अचूक हवा असल्यास उसवणेच बरे. अर्धाच भाग उसवावा, म्हणजे जोडणी कशी होती हे पाहायला उरलेला अर्धा हाताशी राहतो. तुकडे न ताणता खाकी कागदावर पसरून जुन्या शिवणीच्या खुणेवरून रेघ मारावी आणि तिच्याबाहेर १ सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा जागा, सोडावी.

जुनी शिलाई:
कापड होजिअरीचेच घ्यावे व कापण्यापूर्वी धुऊन वाळवावे, अन्यथा ते नंतर आटते. अधिक ताणली जाणारी बाजू छातीभोवती आडवी यावी. यंत्राला गोल टोकाची सुई लावून बारीक झिगझॅग टाका घालावा, कारण साधा सरळ टाका टी-शर्ट डोक्यातून घालताना तटकन तुटतो. गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा सुमारे १५ टक्के आखूड कापावी. माझ्या पहिल्या गळपट्टीची तर झालरच झाली होती.

शिवणवेडी:
आभारी आहे. डावी बाही आजच उसवली. शिवणीच्या आत मूळचा गडद निळा रंग अजून तसाच आहे.