उपवासकाळातली तांदळाची मूठ: जमवायची कशी, पोचवायची कशी?

महिला मंडळ सचिव
प्रभूमध्ये सलाम. राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, आमच्या मंडळीतली (चर्चमधली) ४० घरं रोज मूठभर तांदूळ बाजूला काढणार आहेत. अंथरुणाला खिळलेली माणसं आणि हातावर पोट असलेली घरं, यांना ते द्यायचे आहेत. साधारण किती जमतील? टिकवायचे कसे? आणि घेणाऱ्याला ओशाळं न वाटता द्यायचे कसे?

कोठीघर
ताई, मिझोरामच्या मंडळ्यांत हे १९१० पासून चालू आहे. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. तिथे स्वयंपाकाला बसतानाच मूठ निघते, मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन ती गोळा करतात आणि विक्रीचा पैसा मंडळीच्या कामाला जातो.

मूठ पोत्यातून काढू नका. भातासाठी मापून घेतलेल्या तांदळातून, धुण्याआधी काढा आणि माप पुन्हा भरू नका. तेवढा भात आपल्या ताटात कमी यायला हवा, नाहीतर हा उपवास राहत नाही, नुसती वर्गणी होते. बहुतेक ठिकाणी इथेच घसरतं: सहा आठवडे डबा रिकामा आणि शेवटच्या रविवारी दुकानातली पाच किलोची पिशवी. ती परत करू नका, देणगी म्हणून वेगळी लिहा. मात्र आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि मुलं यांच्या वाट्याला हात लावायचा नाही. कॅथलिकांतही उपवासाचं बंधन १८ ते ५९ वयालाच आहे.

हिशेब असा: एक मूठ ४० ते ५० ग्रॅम. दोन वेळच्या धरून रोज ८० ते १०० ग्रॅम. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार धरून ४६ दिवस, म्हणजे घरटी पावणेचार ते साडेचार किलो. ४० घरांचे दीडशे ते एकशे ऐंशी किलो. प्रत्यक्षात खाडे होतात, म्हणून सव्वाशे धरून चाला.

गोळा दर रविवारी करा (बायबलमध्ये १ करिंथ १६:२ मध्ये पौलानेही आठवड्याच्या पहिल्या दिवशीच बाजूला काढायला सांगितलंय). सगळं शेवटी आणलं की एका घरातले सोंडे चाळीस घरांच्या तांदळात जातात. ओल्या हाताने मूठ टाकली की गाठी होतात, बुरशीचा वास येतो. डबा कोरडा, झाकण घट्ट, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून आत. बोरिक पावडर अजिबात नको.

महिला मंडळ सचिव
कोणाकडे कोलम, कोणाकडे इंद्रायणी, कोणाकडे रेशनचा. एकत्र केले तर?

कोठीघर
करू नका. इंद्रायणीचा गोळा होतो तोवर दुसरा दाणा टचटचीत राहतो. उकडा तर हमखास वेगळा ठेवा, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. तीन पिंपं, प्रत्येकावर नाव, बस्स. थोडा थोडा उरलेला आणि मिसळ झालेला माल रविवारच्या भक्तीनंतर (उपासनेनंतर) लिलावात काढा आणि त्या पैशांची तूरडाळ घ्या.

भेटीगाठी
डाळीचं मनावर घ्याच. क्षयाचा रुग्ण किंवा अंथरुणात जखमा झालेली म्हातारी असेल, तर नुसत्या तांदळाने अंगात ताकद येत नाही. पाच किलो तांदळाबरोबर एक किलो डाळ, अर्धा किलो शेंगदाणे, चालत असतील तर अंडी. मधुमेह असेल तिथे तांदूळ कमी करून ज्वारी द्या.

देताना मंडळीत नावं वाचू नका, फोटो काढू नका, आणि घेणाऱ्यांना वेदीपुढे उभं करणं तर नकोच. मत्तय ६:३ मध्ये उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नको असं आहे, ते इथे शब्दशः पाळा. यादी पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि दोन बायकांकडेच राहू द्या. दोघींनी संध्याकाळी, रोजच्यासारख्या पिशवीतून न्यायचं. त्या घरातूनही कोणी मूठ देत असेल तर ती आदराने घ्या, "तुम्ही कशाला?" म्हणू नका.

आणि पिशवी टेकवून लगेच उठू नका. रुग्णाला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, पाणी भरून ठेवणं यात अर्धा तास जातो, त्या घराला त्याचीही तितकीच गरज असते. कूस दर दोन तासांनी बदलायची असते. रात्रीची पाळी कोण घेणार, हे घरच्यांना विचारून घ्या.