बोल्ट-ऑन लेस पॉल, प्लेटवर एच७७: ही १९७४ची आयबानेझ असू शकते का?

डिचोलीकर
म्हापशात एक जुनी लेस पॉल (गिब्सनचं मॉडेल) घाटाची इलेक्ट्रिक गिटार विकायला आहे. डोक्यावर आयबानेझ या जपानी कंपनीचं नाव, मागच्या प्लेटवर 'मेड इन जपान' आणि एच७७ने सुरू होणारा नंबर. नेक त्या प्लेटमधून चार स्क्रूंनी धडाला जोडलेला, म्हणजे बोल्ट-ऑन. विकणारा '१९७४ची, लॉसूट मॉडेल' म्हणून जादा पैसे मागतोय. खोलून दाखवायला तयार आहे, पण स्क्रू गंजलेत. काय काय तपासू?

सहातारा
१९७४ आणि हा नंबर जुळत नाहीत. आयबानेझचे सिरियल नंबर १९७५पासूनचे. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे ऑगस्ट १९७७. पण ही तारीख फक्त प्लेटची झाली, प्लेट कुणीही बदलू शकतो.

डोक्याची वरची कड कशी आहे? 'लॉसूट' म्हणजे खटला, त्याची गोष्ट तिच्याच आकाराची. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर, खटला भरला. तोवर आयबानेझने आकार बदललाही होता. १९७८ मध्ये तडजोड झाली. त्या शब्दाने गिटार वाजायला चांगली होत नाही, त्याचे पैसे मुळीच देऊ नका.

डाखकाम
आधी तारा पूर्ण सैल करा. जपानी स्क्रूला जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स निसटतो आणि खाच खराब करतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत स्क्रू लाकडात धरून बसतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर धरा, रंगाला लागू देऊ नका. निवल्यावर आधी किंचित आवळा, मग सोडवा. परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात टक्कन बसला की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवा आटा पडतो आणि पकड जाते.

प्लेट निघाली की खालच्या रंगावरचा ठसा बघा. इतक्या वर्षांत कड उमटतेच. दोन कडा दिसल्या किंवा ठसा प्लेटशी जुळला नाही तर प्लेट नंतरची.

मग तारांखालचे पिकअप उचला. कडेला प्लायवूडचे थर दिसले, वरचा फुगीर भाग टिचकीला पोकळ वाजला, तर घाबरू नका. सत्तरीतल्या बऱ्याच बोल्ट-ऑन नकला अशाच होत्या. भाव मात्र त्याच हिशेबाने. चकचकीत डाख आणि भोवती चिकट फ्लक्स दिसला तर ते काम अलीकडचं. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून मल्टिमीटरवर प्रत्येक हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) मोजा: साधारण ७ ते ८.५ किलोओहम. शेकडो किलोओहम किंवा अनंत दाखवलं तर वायर तुटली असेल.

डिचोलीकर
डोकं गिब्सनसारखंच आहे, उघड्या पुस्तकाच्या कडेचं. मग खोटी का?

सहातारा
तसं लगेच म्हणता येत नाही. नेक आधीचा आणि प्लेट नंतरची, असंही असेल. आता डोक्यावरच्या नावावरून नख फिरवा. कड नखाला अडकली, नाव लॅकरच्या वर चिकटवलेलं वाटलं, तर संशय घ्या. एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांनी गिटारी निघायच्या, त्यामुळे नाव बदलणं सोपं.

शेवटी तारा सुरात लावून एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. फार जास्त असेल तर तारा सैल करून ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) पाव फेरा आवळा आणि पुन्हा मोजा. रॉड फिरतच नसेल तर ही गिटार सोडून द्या. फिरत असेल, पण नेक-प्लेटचा मेळ बसत नसेल, तर बिननावाच्या जपानी बोल्ट-ऑनचा भाव द्या.